केसिंगच्या खांबांखाली

अंगणातला लिंब वाळला आणि आमच्या घरात मोठाच प्रश्न उभा राहिला. मामा आता झोपणार कुठं?

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामाच म्हणतात. सास्तूरच्या अलीकडं आमचं गाव. भूकंपात जुनं गाव मातीला मिळालं, मग माळावर हे नवं वसवलं. घर स्लॅबचं, सिमेंटचं, बिनघोर. या घरात मामा जेवले, तापानं फणफणले, लेकाचं लग्न केलं, नातीचं बारसं केलं. पण झोपले म्हणून नाहीत. डोळा मिटायचा तर बाहेर, लिंबाखाली. थंडीत घोंगडं, उन्हाळ्यात नुसतं धोतर. पावसाळ्यात ओसरीच्या अगदी कडेला पोतं पांघरून बसायचं आणि बसूनच उजाडायची वाट बघायची. छपराखाली बसतील, पण आडवे होणार नाहीत.

आणि उशाशी तो तांब्या. तांब्यावर पितळी वाटी, वाटीत दोन काचेच्या गोट्या. जमीन जरा हलली तरी गोट्या वाजतात, म्हणजे उठून पळता येतं. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी असलं काही ना काही असतंच. कुणी पेल्यावर पेला ठेवतं, कुणी ताटलीत चिंचोके. मी लग्न होऊन आले त्या दुसऱ्या दिवशी सकाळी तहान लागली म्हणून त्या तांब्याला हात घातला, तर गोट्या खळकन वाजल्या आणि मामा बाजेवरून ताडकन उठून उभे. नव्या नवरीला पहिल्याच सकाळी सासऱ्यांनी दंडाला धरून अंगणाच्या मधोमध ओढत नेलं. मला रडूच आलं. नंतर सगळ्यांनी समजूत घातली, की ती तुला वाचवायची धडपड होती.

माझं माहेर ढोकीकडचं. तिकडंही जमीन हलली होती, पण आमच्या घरची फडताळातली भांडी पडली, एवढंच. त्यामुळं या गावाची भीती मला ऐकून ठाऊक, अंगावरून गेलेली नाही. सासूबाईंना मी फोटोतच बघितलंय. त्या रात्री त्या जुन्या घरात एकट्या होत्या. मामा शेतात बैलांपाशी झोपायला गेलेले, आणि आमचे मालक तेव्हा लहान, हट्ट करून बापाच्या मागं गेलेले. म्हणून दोघं राहिले. गोट्या मालकांच्याच, त्या रात्री चड्डीच्या खिशात होत्या. घरातलं तेवढंच सामान वाचलं म्हणायचं.

तर लिंब वाळला. आधी एक फांदी, मग दुसरी, आणि बघता बघता नुसता सांगाडा राहिला. मामा तरी त्याच्याखालीच. उन्हाची जाळी अंगावर घेऊन पडायचे. ऊन सरकलं की बाज सरकवायची, पुन्हा ऊन, पुन्हा सरकवायची. दुपारभर बाजेचे पाय अंगणात कर्रकर्र वाजायचे. आदल्या पावसाळ्यात ओसरीवर बसून बसून त्यांच्या पायांना ही एवढी सूज आलेली. डॉक्टर म्हणाले, या माणसाला पाठ टेकून झोप मिळाली नाही तर पुढचा पावसाळा अवघड आहे. असं तोंडावर सांगितलं. मालक खाली मान घालून बसले. माझा स्वभाव तापट, लपवून काय उपयोग. घरी येऊन मी भांडी आपटली.

"मामा, आत झोपायचं. बास झालं आता."

"बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हंजे, बगू."

पालथ्या घड्यावर पाणी! त्यांचं 'बगू' म्हणजे 'न्हाय' असतं, हे इतक्या वर्षांत मला कळलेलं.

मग मीच डोकं चालवलं. त्यांचा म्हातारा बैल, जोडीतला एकटा उरलेला, आणि आमची म्हैस, दोघांनाही लिंबाची सावली गेलेली. गोठा तर लागणारच होता. म्हटलं, अंगणातच गोठा असा बांधू की ज्याला भिंतच नाही. दगड नाही, वीट नाही, माती नाही, लाकडाचं माळवद नाही. नुसते लोखंडी पाईपचे खांब आणि वर पत्रा. चारी बाजू मोकळ्या. पडायला आहे काय त्यात? तिथं बैलाशेजारी बाज टाकली तर मामा कशाला नाही म्हणतील?

पाईप घरचेच होते. आमच्या रानात दोन बोअर घेतले होते, दोन्ही फेल गेले. आत माती ढासळू नये म्हणून घातलेला केसिंगचा जाड लोखंडी पाईप तसाच उभा होता. साखळी आणि ट्रॅक्टर लावून तो उपसला. लाल गंज, आतून ओलसर मातीचा वास. पाणी शोधायला खाली गेले होते बिचारे, कोरडेच वर आले. पाईप बांधावर आडवे पडले होते, तर मी एकाच्या तोंडाला तोंड लावून हळूच "ओ" केलं. पलीकडून माझाच आवाज कुणा दुसऱ्या बाईचा होऊन आला. मालक म्हणाले, "काय खुळ्यावानी करतीस?" पण थोड्या वेळानं बघते तर तेही पलीकडच्या टोकाला वाकलेले.

पाईप कापून सहा खांब केले. खड्डे काळ्या मातीतून खाली मुरूम लागेपर्यंत खणले. पहिला खांब उभा करायच्या वेळी मामा आले. उंबराचा डहाळा आणलेला, हळदकुंकू, वाटीभर दूध. वेल्डर तरणा होता, हसला. "बाबा, लोखंडाला कशाला डहाळा? त्याला पालवी फुटनार हाय का?"

"मेढ ती मेढ," मामा म्हणाले. "लोखंडाची असली म्हून काय झालं? तिला बी सांगावं लागतं, की बाई, आता तुझ्यावर भार हाय."

त्यांनी दूध खड्ड्यात ओतलं, पाईपाला हळदीची बोटं ओढली आणि डहाळा सुतळीनं बांधला. मग वेल्डरनं ओळंबा सोडला. दोरीच्या टोकाला ते लोखंडी बोंड हलत राहिलं, हलत राहिलं आणि थांबलं. ते थांबेपर्यंत मामा त्याच्याकडंच बघत होते. मला का कोण जाणे, फार बरं वाटलं तेव्हा. वाटलं, येणार हा माणूस छपराखाली.

खांब उभे राहिले. सहा. काँक्रीट मुरायला वेळ द्यायचा, म्हणून वेल्डर वरची कामं पुढच्या आठवड्यावर टाकून गेला. पाईपांची तोंडं आभाळाकडं तशीच उघडी. आणि इथंच घोळ झाला.

दिवेलागणीची वेळ होती. वैशाखातलं वारं सुटलं. मी पाणी भरत होते, तर कुठून तरी आवाज यायला लागला. घुंऽऽ. खालून, लांबून, पोटातून. कानाला कमी आणि तळपायाला जास्त लागणारा. मी घागर खाली ठेवली. बघते तर मामा बाजेवरून उतरून जमिनीला कान लावून पडलेले. पडल्या पडल्याच ओरडले, "भाईर! समदे भाईर या!"

आणि अहो, आळीच्या आळी बाहेर आली. आमच्याकडं कुणी 'भाईर' म्हटलं की का म्हणून विचारायची पद्धत नाही. शेजारच्या काकू मळलेल्या पिठाची परात कडेवर घेऊन आल्या, आणि नातवाला घरातच विसरल्या म्हणून पुन्हा आत धावल्या. कोपऱ्यावरचे आबा अर्धी दाढी झालेले, अर्ध्या गालाला साबण. सगळे रस्त्याच्या मधोमध, घरांपासून लांब, एकमेकांना धरून. तो आवाज येतच होता. घुंऽऽ. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे मी तेव्हा बघितले. दुधानं तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. इथं तर गावाचं गाव भाजलेलं. पहिल्यांदाच मला कळलं, की ही माणसं रोज रात्री कशाच्या शेजारी झोपतात.

पण वारं पडलं की आवाज पडायचा, वारं वाढलं की वाढायचा. मी खांबांपाशी गेले. एका खांबाला हात लावला तर तो आतून गुणगुणत होता, अगदी बारीक थरथर. मग माझी ट्यूब पेटली. शिडी लावली, वर चढले आणि पाईपाच्या तोंडावर पदराचा बोळा दाबला. तो खांब गप्प. पुढच्याला दाबला, तोही गप्प.

"आवो, जिमीन न्हाय, पाईप वाजतोय!" मी वरूनच ओरडले. "पाईप हाय ह्यो! बासरीवानी!"

आधी कुणी हसलंच नाही. मग काकू हसल्या, मग आबा. हसता हसता आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, साबणामुळं म्हणाले. पण सहाही पाईपांच्या तोंडांत फडकी कोंबल्याशिवाय एकही माणूस घरात गेला नाही. काकूंनी पिठाची परात तिथंच मांडीवर ठेवून कणीक दुसऱ्यांदा मळली.

मामा हसले नाहीत. त्यांनी बाज उचलली आणि पार लांब, बांधाच्या कडेला नेऊन टाकली. तांब्या, वाटी, गोट्या, सगळं घेऊन. माझ्या सगळ्या योजनेवर पाणी पडलं. रडावं की त्या वेल्डरला दोन शिव्या हासडाव्यात, कळेना. शिव्या हासडल्या. तो आला, तोंडांवर लोखंडी पट्ट्या बसवून पक्क्या केल्या, वर पत्र्याला आधार द्यायच्या लोखंडी कैच्या चढवल्या, पत्रे टाकले, हुक आवळले. आवाज कायमचा बंद झाला. पण मामांचं मन बंद झालं ते झालंच.

शेड मात्र झालं देखणं. खरंच सांगते, मी असं काही बांधलेलं नव्हतं कधी, आणि रोज उठून बघत बसायचे. भिंती नसल्यामुळं त्याच्यातून पलीकडचं रान दिसायचं, वाटेनं जाणारी बैलगाडी एका खांबाआड जायची, दुसऱ्याआडून निघायची. सकाळी पत्रा तापायला लागला की टक् टक् वाजायचा, जणू वर कुणी दाणे टिपतंय. संध्याकाळी निवताना पुन्हा तसाच. बैल आणि म्हैस दोघं पहिल्या दिवसापासून राजासारखे बसले. बैल अधूनमधून बांधाकडं तोंड करून हंबरायचा. मामा तिकडून "आलो रे" म्हणायचे आणि यायचे नाहीत.

मिरगाचे ढग जमायला लागले. पायांची सूज वाढलेली. एके दिवशी जेवणं झाल्यावर मी बांधावर गेले.

"मामा, येताय का न्हाय?"

"माय, तुझं शेड चांगलं हाय. जनावरांला लई ब्येस झालं."

"जनावरांसाठी न्हाय बांधलं म्या!" माझा तोल गेला. "तुमच्यासाठी बांधलंय. जनावरांचं निमित्त. वरचा पत्रा तुमच्या अंगावर पडला तरी खरचटंल फक्त. कशाला भेताय एवढं? थांबा, म्या झोपून दावते. मेले तर मरू द्या!"

असलं बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. तणतणत त्यांची बाजच उचलली, शेडात आणून टाकली. मागनं ते तांब्या घेऊन आले आणि शेडाच्या बाहेर उन्हात उभे राहिले. मी आडवी झाले, पदर तोंडावर घेतला. नुसतं दाखवायला डोळे मिटले होते, पण कशाचं काय. म्हशीचा रवंथ, बैलाच्या शेपटीचा फटकारा, पत्र्यावर चालणारं कबुतर, आणि पदरातून गाळून येणारा हिरवट उजेड. झोप कधी लागली कळलंच नाही.

स्वप्नात मी माहेरी होते. उसाच्या गाड्या चाललेल्या, आणि गाड्यांत ऊस नव्हता, पाईप होते, आणि प्रत्येक पाईपातून कुणीतरी हळूच "ओ" देत होतं. फोटोतल्या सासूबाई एका गाडीवर बसलेल्या, फोटोतलंच लुगडं नेसलेल्या. मला म्हणाल्या, सरक की जरा, मला बी पडू दे. मी सरकले. बाजेवर जागाच जागा होती. आम्ही दोघी पडलो. वर पत्रा नव्हता, लिंब होता, हिरवागार, आणि त्याचा मोहर आमच्या अंगावर पडत होता. मी इतकी गाढ झोपले, की स्वप्नातसुद्धा मला वाटलं, मी झोपलेय.

जागी झाले तर ऊन कललेलं. तोंड वळवलं आणि बघतच राहिले. मामा आत होते. शेडाच्या आत, हळदीची बोटं ओढलेल्या खांबाला टेकून खाली बसलेले. एक हात खांबावर, तळवा टेकवलेला. तांब्या खांबाच्या काँक्रीटवर ठेवलेला, आणि त्यांची नजर त्या वाटीवर. पापणी हलत नव्हती. किती वेळ बसले होते कोण जाणे, धोतरावर कबुतराचं पीस पडलेलं, तेही झटकलेलं नव्हतं.

"मामा, तुम्ही आत आलाय," मी हळूच म्हटलं.

त्यांनी वर पत्र्याकडं बघितलं, जणू त्यांनाही आत्ताच कळलं.

"तू झोपली हुतीस," ते म्हणाले. "झोपल्या मान्सापाशी कुनीतरी जागं लागतं, माय."

खांबावरून हात फिरवत राहिले. न बोलणं मला जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

"ती म्हनायची, तुमी घरात असला की मला झोप लागती. न्हायतर लागत न्हाय. त्या दिशी म्या म्हनलं, शेतात जातो, बैलांपाशी कुनी न्हाय. ती म्हनली, मग मला झोप कशी याची? म्या म्हनलं, कड्या लाव आन् झोप गुमान. कड्या लावून झोपली ती." त्यांचा आवाज कोरडाच होता. "म्या पत्र्याला भेत न्हाय, स्लॅबाला बी भेत न्हाय. पर छपराखाली पडलं की वाटतं, आता समदेच झोपले. जागं कुनीच न्हाय."

इतकी वर्षं आम्ही सगळे छपराचं वजन मोजत होतो. मालक, डॉक्टर, वेल्डर, मी.

मी उठले. बाजेवरची वाकळ झटकली, उशी सरळ केली.

"या मामा. पडा जरा."

"बगू."

"बगू न्हाय. म्या जागी हाय. इथंच बसते, तुमच्या जागेवर. तांब्या बी बगते, खांब बी बगते. तुम्ही उठंपर्यंत हालनार न्हाय. भाकरीसाठी न्हाय, म्हशीसाठी न्हाय, कशासाठीच न्हाय. आईची शपथ."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग उठले, सुजलेल्या पायांनी दोन पावलं टाकली आणि बाजेवर बसले. बसूनच राहिले थोडा वेळ. मग पाठ टेकली. डोळे उघडेच, वर पत्र्याकडं. मी खांबाला टेकले. खांब त्यांच्या पाठीनं गरम झालेला.

"जागी हायेस?"

"हाय."

थोड्या वेळानं पुन्हा, "जागी हायेस, माय?"

"हाय की. पडा तुम्ही."

तिसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांचं तोंड थोडं उघडलं, हात बाजेखाली लोंबला आणि घोरणं सुरू झालं, म्हाताऱ्या बैलाच्या श्वासाला जोडून. मालक रानातून आले, शेडाच्या बाहेरच थबकले. मी ओठांवर बोट ठेवलं. ते तिथंच मातीत बसले, बापाकडं बघत.

आणि तेव्हाच वारं सुटलं. पावसाच्या आधीचं, मातीचा वास घेऊन येणारं. पत्रा एकदा फडफडला, कैचीतून खांबात बारीक थरथर उतरली. माझ्या पाठीला ती कळली. काँक्रीटवरच्या वाटीत गोट्या हलल्या, किण् किण्. मामांच्या पापण्या थरथरल्या.

मी हात लांबवला, दोन्ही गोट्या उचलल्या आणि मुठीत घट्ट धरल्या. वारं वाहत राहिलं, आणि मी जागी होते.